कारखान्याचा आवाज आणि आपले कान

नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे मॉडेल मिल आली. मिलच्या भोंग्यावर आपल्या कितीतरी वस्त्यांचा दिवस चालत असे. मागखात्यात शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागे. त्या पिढीचे आजोबा आज 'ऐकतच नाहीत' म्हणून घरात चिडचिड होते. पण तो दोष वयाचाच असेल असे नाही. मिला बंद पडल्या. आवाज मात्र हिंगणा-बुटीबोरीच्या प्रेसवर आणि ग्राइंडरवर कायम आहे.

कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, केसांसारखे तंतू असलेल्या नाजूक पेशी असतात. रोजच्या माराने त्या मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. तेल, थेंब, गोळी, कशानेही नाही.

आधी जातात ते बारीक, उंच आवाज. स, श, त, फ ही अक्षरे निसटतात. म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येते, पण समजत नाही." लेकराबाळांचे बोलणे कळत नाही, टीव्हीचा आवाज वाढत जातो. पाळी सुटल्यावर कानाला दडे बसणे, शिट्टी वाजत राहणे ही पहिली खूण. सकाळपर्यंत बरे वाटते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. शिवाय सततच्या आवाजाने झोप बिघडते, रक्तदाबही वाढू शकतो.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तिथला आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८५ डेसिबल आठ तास चालतो. ८८ झाला की चारच तास. आपल्याकडचे कारखाना नियम आठ तासांना ९० पर्यंत सूट देतात. ही सूट जास्तच आहे.

कानात कापूस कोंबून भागत नाही. फोमचे बोळे घ्या: स्वच्छ हातांनी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. तरी बोळे हा शेवटचा उपाय. सैल पत्रे आवळणे, झिजलेले बेअरिंग बदलणे, मशीनखाली रबर देणे हे मालकाचे काम आहे, ते मागितले पाहिजे.

१९४८ च्या कारखाने कायद्याने हे बहिरेपण कळवण्याजोग्या आजारांत धरले. नुकसानभरपाईच्या कायद्यातही ते आहे. कामगार विम्याचा पाया बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते सांभाळत होते तेव्हा घातला गेला. ज्यांचे विम्याचे कार्ड आहे त्यांनी सोमवारी पेठेच्या कामगार विमा रुग्णालयात दाखवावे. कार्ड नसलेल्या कंत्राटी कामगारांना मेडिकल किंवा मेयोचा कान-नाक-घसा विभाग आहे. तपासणीचे नाव ऑडिओमेट्री. ती सुटीनंतर, कामावर जाण्याआधी करावी, नाहीतर थकलेल्या कानाचाच निकाल येतो. अशा थकलेल्या कानांनी जयंतीच्या डीजेच्या भिंतीसमोर उभे राहू नये, हेही सांगितलेच पाहिजे.

नव्या नोकरीवर लागणाऱ्या मुलाची पहिली तपासणी रुजू होण्याआधीच करून घ्या आणि कागद जपून ठेवा. पुढे भरपाई मागताना कान आधी चांगले होते, हे त्या कागदावरूनच दाखवता येते.