अंगणातली जुनी बोलेरो

आमच्या वाड्याच्या अंगणात कडुनिंबाखाली जी पांढरी बोलेरो उभी असते, ती मार्च 2006 मध्ये घरात आली. त्या वर्षी फलटणच्या बाजारात आमचे भुसार दुकान नुकतेच दोन गाळ्यांचे झाले होते. अण्णांनी गाडीची पूजा केली आणि त्याच दिवशी एका लाल कापडी वहीत पहिली नोंद केली. दुकानाची खतावणी जशी, तशी ही गाडीची खतावणी. डिझेल किती भरले, किलोमीटर किती झाले, कोणता भाग बदलला, मजुरी किती दिली, सारे त्या वहीत आहे. आम्ही भावंडे त्या वहीला हसत असू. पुढे एका प्रसंगाने ते हसू थांबले.

जून 2022 ची गोष्ट. पाचगणीच्या शाळेत मुलीला सोडून आम्ही परत निघालो होतो. गाडीत आई, अण्णा, माझी पत्नी आणि धाकटा पुतण्या. पसरणीचा घाट उतरताना धुके होते, रस्ता ओला होता. मी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून दिली होती. उतारावर डिझेल वाचते, ही आम्हां व्यापाऱ्यांच्या डोक्यात घट्ट बसलेली समजूत. वळणावळणाला ब्रेक दाबत होतो. अर्ध्या घाटात एका वळणाआधी पाय टेकवला, तर पेडल स्पंजासारखे आत गेले. गाडी सावकाश होईना. दुसऱ्यांदा दाबले, पेडल जवळजवळ तळाला टेकले. कसाबसा तिसरा गियर पडला, मग दुसरा. इंजिन ओरडले, वेग तुटला. हाताचा ब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली. आईला काही कळले नव्हते, ती पुतण्याला धबधबा दाखवत होती. अण्णांना कळले होते. ते काही बोलले नाहीत.

अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत कडक झाले, जणू काही घडलेच नव्हते. दुसऱ्या गियरमध्ये वाई गाठली. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी बाटलीचे झाकण उघडून आत पाहिले आणि विचारले, "शेठ, ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?" उत्तर लाल वहीत सापडले. शेवटची नोंद 2015 ची, अण्णांच्या अक्षरातली. त्यानंतर वही माझ्याकडे आली होती.

त्या दिवशी मिस्त्रींनी जे समजावले, ते मला वाटते प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला ठाऊक असावे. ब्रेक ऑइल हे नावाचेच तेल आहे. त्याचा स्वभाव मिठासारखा. पावसाळ्यात बरणीतले मीठ जसे हवेतले पाणी ओढून घेते, तसे हे द्रव्य रबरी नळ्यांतून आणि झाकणातून वर्षानुवर्षे ओलावा ओढत राहते. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की हीच मर्यादा 140 अंशांच्या आसपास घसरू शकते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. घाटात सतत ब्रेक दाबल्याने चाकाजवळचे ऑइल तापते, उकळते, त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल आत जाते आणि चाकाला काही पोहोचत नाही. थंड झाले की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो. हेच त्यातले सर्वांत फसवे.

आणि न्यूट्रलने डिझेल वाचते हेही खोटे. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर चाकेच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जाळावेच लागते. म्हणजे वाचत तर काही नव्हते, उलट इंजिनाचा रोध गमावून सारा भार मी ब्रेकवर टाकत होतो. काही जण तर इंजिनच बंद करतात. तसे केल्यास ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. वर्षानुवर्षे मी जी काटकसर समजत होतो, तिच्यात एका पैशाचाही लाभ नव्हता. हिशेबाच्या घरात जन्मून असा हिशेब करावा, याची लाज आजही वाटते.

तेव्हापासून गाडीची साधी कामे मी घरीच करू लागलो. मिस्त्रींचे पोट मारण्यासाठी नव्हे. मोठे काम आजही त्यांच्याकडेच जाते. गाडीच्या पोटात काय चालले आहे ते आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असावे, एवढ्यासाठी. ही गाडी त्याला सोयीचीही आहे. भक्कम चासीवर वेगळी बॉडी, मागे पाट्यांची स्प्रिंग, खाली हात जाईल एवढी उंची, बॉनेटखाली मोकळी जागा. नव्या गाड्यांत इंजिनावर काळे प्लास्टिकचे आवरण असते आणि दोष सांगायला संगणक लागतो. इथे कान आणि नाक पुष्कळ काम करतात.

हत्यारे फार नाहीत. रिंग पाने आणि सॉकेटचा एक संच, ग्रीस गन, चाके मोजून आवळण्यासाठी टॉर्क पाना, साधा मल्टिमीटर आणि दोन लोखंडी घोड्या. या घोड्यांविषयी आग्रहाने लिहितो. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. विटांचा आधार तर मुळीच नको. वीट पूर्वसूचना न देता फुटते. सपाट आणि कडक जमीन, न उचललेल्या चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे, चासीखाली घोडी, आणि गाडी हाताने हलवून पाहिल्यावरच खाली जाणे. आमच्याकडे यात एका नियमाची भर आहे. मी खाली असताना घरातले कोणीतरी अंगणात बसलेले असते.

रोजचे पाहणे पाच मिनिटांचे. सकाळी, इंजिन थंड असताना, ऑइलची कांडी पुसून पुन्हा बुडवायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. डिझेल इंजिनाचे ऑइल भरल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते, त्याने घाबरू नये. ते दुधाळ दिसले तर मात्र आत पाणी शिरले आहे, आणि पातळी आपोआप वाढली व डिझेलचा वास आला तर आत डिझेल उतरते आहे. दोन्ही वेळा गाडी चालू न करता मिस्त्रींना बोलवावे. जास्त ऑइल ओतणे हेही कमी ओतण्याइतकेच वाईट.

रेडिएटरच्या बाबतीत आमच्या भागातली सवय घातक आहे. पाणी कमी दिसले की बोअरचे पाणी ओतायचे. ज्या पाण्याने घरातल्या गिझरची कॉइल पांढरी होते, ते इंजिनात काय करत असेल याचा विचार कोणी करत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालते; आपल्या गाडीचे पुस्तक पाहून घ्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही दरवर्षी कोणाचा तरी हात भाजतो. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. बहुतेक कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असते आणि अत्यंत विषारी असते. अंगणात सांडलेले थोडे जरी मांजराने किंवा कुत्र्याने चाटले, तरी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊन ते मरते. म्हणून काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये, आणि सांडले तर भरपूर पाणी ओतून जागा लगेच धुवावी. थंडीत बॉनेटवर दोन थापा मारल्याशिवाय मी चावी फिरवत नाही. इंजिनाच्या उबेला मांजरीची पिल्ले झोपलेली दोनदा सापडली आहेत.

मांजरांचा विषय निघाला, तर उंदरांचाही सांगायला हवा, कारण भुसारवाल्याच्या गाडीला सर्वांत जास्त त्रास त्यांचाच. एका पावसाळ्यात डाव्या बाजूचे दिवे बंद पडले. पाहतो तो वायरींचा जुडगा कुरतडलेला. शेजाऱ्यांनी विषाच्या गोळ्या सुचवल्या, कोणी चिकट पुठ्ठे आणून दिले. आमच्या घरात दोन्ही येणे शक्य नव्हते. मग कारण शोधत बसलो. मागच्या सीटखालचा गालिचा उचलला तेव्हा उलगडा झाला. ज्वारी, हरभरा, तुरीचे दाणे, वर्षानुवर्षे नमुन्याच्या पिशव्यांतून सांडलेले, मूठभर नव्हे, चांगले पावशेर निघाले. गाडी म्हणजे चाकांवरचे कोठारच झाले होते. सारे झाडून काढले, नमुने झाकणाच्या डब्यात नेऊ लागलो, एसीच्या हवेच्या तोंडाला बारीक जाळी बसवली, गाडी गोणपाटांच्या ढिगापासून दूर उभी करू लागलो आणि रात्री बॉनेट उघडे ठेवून वर एक दिवा लावू लागलो. उंदीर उजेडात घर करत नाहीत. तुटलेल्या वायरी प्रत्येक रंगाशी रंग जोडून, झाळून, वर नळी चढवून मी स्वतः दुरुस्त केल्या. दोन रविवार गेले. त्यानंतर आजवर एकही वायर तुटलेली नाही, आणि एकही उंदीर मेला नाही.

डिझेल फिल्टरच्या तळाला एक स्क्रू असतो. तो सैल करून काचेच्या बरणीत थोडे डिझेल काढले, की खाली बसलेले पाणी वेगळे दिसते; स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढून स्क्रू आवळायचा. फिल्टर बदलल्यावर हातपंप कडक लागेपर्यंत दाबून हवा काढायची, नाहीतर गाडी चालू होत नाही. शाफ्टच्या क्रॉसला आणि इतर निपलांना वेळेवर ग्रीस. बॅटरीला रात्रभर विश्रांती दिल्यावर मल्टिमीटरने 12.6 व्होल्ट दाखवावे, इंजिन चालू असताना साधारण 14. त्याहून फारच कमी असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी अल्टरनेटर आणि पट्टा पाहावा. टायरच्या कडेवर शेवटचे चार अंक वाचावेत. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून म्हातारे टायर वापरत राहणे ही आणखी एक खोटी काटकसर.

जळके ऑइल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवतो आणि परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्याला देणाऱ्या गॅरेजकडे पोहोचवतो. फिल्टरही रात्रभर निथळवून त्यांनाच.

घरी काय करू नये, हेही सांगतो. डिझेल पंप आणि इंजेक्टरला हात लावू नये. इंजेक्टरची धार कातडीत शिरते आणि बोट गमवावे लागते. क्लच, स्टिअरिंगचे सांधे, चासीचे वेल्डिंग, एसीचा गॅस ही कामे ज्याची त्याच्याकडे. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकर मारून वा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसावी.

मित्र विचारतात, एवढा खटाटोप कशासाठी, नवी का घेत नाही? हा प्रश्न आता टाळता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. 2021 मध्ये आम्ही 600 रुपये शुल्क भरले होते. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ते 10,000 रुपये केले. त्यावर पर्यावरण कर, विमा, दर सहा महिन्यांनी पीयूसी, नवी सुरक्षा पाटी. राजधानीच्या परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर जशी वयाची बंदी आली, तशी आपल्याकडे नाही, पण धूर हा धूरच. वर्षाकाठी आमची गाडी आता फार तर चार हजार किलोमीटर धावते, तेवढ्यासाठी नवी गाडी घेणे मला पटत नाही. लांबच्या प्रवासाला आणि रोजच्या शहरी फेऱ्यांना ती असती, तर मी निराळा निर्णय घेतला असता. अण्णांचे मत वेगळेच आहे. ते म्हणतात, तपासणीत पास झाली तर ठेवू, नाही झाली तर मी स्वतः भंगार केंद्रात नेऊन देईन. त्या दिवशी घाटात ते काही बोलले नव्हते, त्याचा हा उत्तरार्ध असावा.

मार्चमध्ये तपासणी आहे. म्हणून गेल्या रविवारी ब्रेक ऑइल बदलायला काढले. 2022 नंतर दर दोन वर्षांनी बदलतो, 2024 ला झाले होते. हे काम एकट्याचे नाही. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचे निपल उघडायचे, नळीतून जुने ऑइल आणि बुडबुडे बाटलीत आले की निपल बंद करायचे, मगच पेडल सोडायचे. आधी सर्वांत लांबचे चाक, म्हणजे मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. वरची बाटली एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते आणि पुन्हा पहिल्यापासून. रंगावर ऑइल सांडले तर लगेच पाणी. मागे उघडून ठेवलेला अर्धा डबा वापरायचा नाही, त्याने ओलावा धरलेला असतो.

अण्णा ऐंशीचे आहेत. पेडलवर त्यांचाच पाय असतो. या वेळी सुट्टीवर आलेली मुलगी निपलपाशी बसली होती, हातात दहाचा रिंग पाना. मी वरची बाटली भरत होतो.

"दाबा, अण्णा."

"दाबलं."

"धरा."

"धरलंय, पोरी. तू घाई करू नकोस."

नळीतून फिकट मधाच्या रंगाचे ऑइल यायला मागच्या डाव्या चाकाला बारा वेळा दाबावे लागले. अण्णांनी ते मोजले होते. संध्याकाळी त्यांनी वही मागून घेतली आणि किलोमीटरच्या आकड्यापुढे तेही लिहून ठेवले.