फेरनियुक्ती: तोच माणूस, तीच खुर्ची

आमच्या संस्थेच्या सभेत सर्वांत लवकर आटोपणारा विषय म्हणजे मुदत संपलेल्या विश्वस्ताची फेरनियुक्ती. अध्यक्ष विषय वाचतात, मागून ‘मंजूर, मंजूर’ येतं. ज्यांचा विषय असतो ते अण्णा रीतीप्रमाणे उठू लागतात, ‘तुम्ही बोला मोकळेपणानं, मी बाहेर थांबतो.’ शेजारचे हात धरून बसवतात, ‘बसा हो अण्णा, सगळी घरचीच माणसं आहेत.’ तेवढ्यात चहा येतो.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे, म्हणून मला हे ‘बसा हो’ खटकतं. माणूस समोर बसलेला असताना त्यानं गेल्या मुदतीत किती सभांना तोंड दाखवलं, हे कोण विचारणार? हजेरीवही माझ्यापुढेच असते. विचारलं तर पान काढून देईन. कोणी विचारत नाही.

अण्णा संस्थेचे विश्वस्त, शिवाय संस्थेच्या तंत्रनिकेतनाच्या नियामक मंडळावरही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) निकषांप्रमाणे त्या मंडळात किमान ११ जण लागतात आणि संस्थेच्या माणसांबरोबर परिषदेचे, शासनाचे प्रतिनिधीही असतात. म्हणून मी दोन वेगळे ठराव लिहितो. सूचक, अनुमोदक, संस्थेच्या घटनेतलं कलम, मुदत कधीपासून कधीपर्यंत. ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर भागत नाही.

खरं काम सभेनंतर सुरू होतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल अर्ज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘चेंज रिपोर्ट’, ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा. सोबत सभेची नोटीस, ती सर्वांना पोचल्याचा पुरावा, हजेरीवरच्या सह्यांची प्रत, ठराव, संमतिपत्र. पोस्टाच्या पावत्या मी त्याच दिवशी कागदावर चिकटवतो. सुट्ट्या ठेवल्या की एखादी हमखास गहाळ होते, आणि हरकत घेणारा नेमकी तीच मागतो.

‘तोच माणूस, तेच पद, मग बदल कसला?’ असं विचारणारे प्रत्येक मंडळात असतात. मुदत नवी असते, एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं. अर्ज राहून गेला तर त्याची झळ लगेच लागत नाही. मंडळात दोन गट पडले की मात्र वकील पहिला घाव तिथंच घालतात: मागची नेमणूकच नोंदलेली नाही, तर या विश्वस्तांनी बोलावलेली सभा वैध कशी?

तुम्ही कुठल्या शिक्षणसंस्थेवर असाल, तर धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा एकदा काढून बघा. त्यावर अजून दिवंगतांचीच नावं असतील, तर पुढची सभा बोलावण्याआधी वकिलांना भेटा.