घर गहाण ठेवून आणलेले पदक

ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला तिरंग्यामागून भारतीय चमू चालत येतो, तेव्हा घराघरांत टाळ्या वाजतात. चमू देशाचा, हे खरेच. पण त्याला तिथवर पोचवणारा पैसा कुणाचा? माझी हयात बँकेत गेली, म्हणून हा हिशेबी प्रश्न मनातून जात नाही.

१९२० साली अँटवर्पला भारताचा पहिला चमू गेला. त्याचे मूळ पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात. तिथे अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला, पदरचे पैसे घातले. चार धावपटू आणि दोन पहिलवान गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. पदक थोडक्यात हुकले.

पण टाटा सर्वांनाच कुठून भेटणार? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनला गेले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मात्र पैसे उभे राहीनात. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती ओसरल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि त्या कमाईतून प्राचार्यांचे घर सोडवले. पदक देशाच्या खात्यावर जमा झाले. कर्ज मात्र दोन माणसांनीच वाहिले.

आमच्या पुसदला मी विहिरीसाठी, बैलजोडीसाठी, मोटारपंपासाठी कर्जे मंजूर केली. धावण्याच्या बुटांसाठी रकाना कुठल्याच अर्जात नव्हता. त्यात बँकेचा दोष नाही. पोरगी पुढे पदक आणीलच, याची हमी कोण देणार? हा खर्च कर्जाने भागणारा नव्हेच. तो सर्वांनी मिळून उचलायचा असतो.

२०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक लाभले. त्याला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचा आणि पुढे रेल्वेच्या नोकरीचा आधार होता, ही मोठीच प्रगती. तरीही बंदुकीच्या गोळ्यांसाठी त्याच्या शिक्षक वडिलांना कर्ज काढावे लागले होते. पदक मिळताच राज्य सरकारने १ कोटीचे बक्षीस जाहीर केले.

बक्षीस जरूर द्यावे. पण ते पिकल्यावरचे पाणी. पेरणीच्या वेळी ओल कुठे असते? पुसदच्या रस्त्यांवर पहाटे पोरे-पोरी धावताना दिसतात, बहुतेक पोलीस भरतीसाठी. त्यांतली एखादी खरोखरच वाऱ्यासारखी धावत असेल. आठवीतल्या त्या पोरीला बूट, दूध-अंडी आणि जिल्ह्याच्या स्पर्धेचे एस.टी.चे भाडे, एवढे गावाने वेळेवर दिले, तर पुढे कुणा मास्तरांना घर गहाण ठेवावे लागणार नाही.