यावलची जुनी पेठ : कागद आणि नीळ

ऐतिहासिक स्थळें पाहावयास निघालेला मनुष्य बहुधा किल्ला, देऊळ आणि मशीद पाहून परततो. बाजारपेठ तो नुसती ओलांडतो. वस्तुतः ज्या दप्तरांवर आपल्या इतिहाससंशोधनाची सारी भिस्त आहे, त्यांचा कागद पेठेंतल्या कारागिरांच्या हातचा असे व तेथेंच विकला जाई. पूर्वीच्या पूर्व खानदेशांतील, म्हणजे आतांच्या जळगांव जिल्ह्यांतील, यावल हें गांव या दृष्टीनें अवश्य पाहण्याजोगें आहे. एके काळीं जाडाभरडा देशी कागद व नीळ या दोन जिनसांकरितां यावलची ख्याति होती. दोन्ही धंदे मोडले. तथापि त्यांपैकीं एकाचा पुरावा आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं, रुमालांत बांधलेला, अद्याप पडून आहे. आणि तो ओळखावा कसा, हाच या लेखाचा विषय आहे.

राजकीय वृत्तान्त थोडक्यांत सांगतों. यावल तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याच्या सपाटींत वसलेलें आहे. तें शिंद्यांच्या मुलखांत होतें व इ. स. १७८८ मध्यें त्यांनीं तें निंबाळकरांस दिलें. इ. स. १८२१ मध्यें इंग्रजांचा तेथें अंमल बसला. १८३७ मध्यें गांव पुन्हां शिंद्यांकडे गेलें. आणि १८४३ मध्यें इंग्रजांकडे आलें तें कायमचें. पंचावन्न वर्षांत एवढे फेरफार ज्या गांवाच्या वांट्यास आले, त्याच्या कागदांची वाताहत झाल्यास नवल नाहीं. शिंदेशाहीचे कागद एकीकडे, इंग्रजी अमलाचे दुसरीकडे, आणि घराण्यांचे व सावकारांचे कागद ज्याच्या त्याच्या माळ्यावर, अशी ही विभागणी आहे. यावलचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्यास गांवाबाहेरच अधिक हिंडावें लागेल.

आतां प्रत्यक्ष गांवांत शिरूं. सूर नदीच्या कांठीं निंबाळकरांचा किल्ला उभा आहे व पाहुण्याची पावलें प्रथम तिकडेच वळतात. आमची सूचना अशी कीं, किल्ला मागाहून पाहावा. आधीं नदीवर जावें. यावलचें महर्षि व्यासांचें देऊळ गुरुपौर्णिमेच्या यात्रेमुळें सर्वश्रुत आहे. ग्रंथकारांच्या आद्य गुरूंचें देऊळ ज्या गांवीं, त्याच गांवीं कागद व्हावा, हा योग मोठा मौजेचा खरा. परंतु त्यावरून कोणी कांहीं अनुमान काढूं नये. कागदाचा धंदा देवळासाठीं येत नाहीं, पाण्यासाठीं येतो.

पाण्याची गरज किती, हें कृति समजून घेतल्यावांचून कळणार नाहीं. देशी कागदाचा मुख्य माल म्हणजे ताग. तोहि बहुधा नवा नसे. झिजलेले दोर, फाटलेलें गोणपाट, निरुपयोगी जाळीं यांचे बारीक तुकडे करीत, ते भिजवीत आणि चुन्याच्या पाण्यांत घालून कुजत ठेवीत. नंतर पायानें दाबून उचलावयाच्या जड लांकडी हातोड्याखालीं तो माल कुटीत. कुटलेला लगदा फडक्यांत घेऊन वाहत्या पाण्यांत उभें राहून धूत. धुणें झालें कीं पुन्हां खार, पुन्हां कुटणें, पुन्हां धुणें. असा क्रम कित्येक दिवस चाले. म्हणून कोणत्याहि जुन्या गांवीं कागद्यांच्या वस्तीचा माग काढावयाचा झाल्यास ती वाहत्या पाण्याजवळ, परंतु पिण्याचें पाणी भरण्याच्या जागेच्या खालच्या अंगास शोधावी. वरच्या अंगास चुन्याचें धुणें गांवकरी कसें चालूं देतील?

नदीवरून वस्तींत यावें, आणि येथें रस्त्यापेक्षां घरांच्या आंतल्या बाजूकडे लक्ष द्यावें. कागद्याचा हौद जमिनींत खणलेला असे व कारागीर त्याच्या कांठावर उकिडवा बसून काम करी. त्याच्या हातांत लांकडी चौकट, आणि तिजवर गवताच्या काड्या दोऱ्यानें किंवा घोड्याच्या केंसांनीं ओंवून केलेली, गुंडाळतां येईल अशी चटई. ही चटई पातळ लगद्यांत बुडवून आडवी उचलली कीं पाणी गळून जाई व तंतूंचा पातळ थर वर राही. तो थर आधींच्या ओल्या तावावर पालथा घालीत. चळत पुरेशी उंच झाली म्हणजे दगडांच्या भारानें तिचें पाणी काढीत. मग एकेक ताव सोडवून मऊ कुंच्यानें भिंतीवर चिकटवीत, आणि तो वाळला कीं अलगद सोलून काढीत. याकरितां भिंती चुन्यानें गुळगुळीत केलेल्या असाव्या लागत. अशा घरांत भिंत हें एक हत्यारच होतें. वास्तुशिल्पाची आवड असणारे प्रवासी कोरीव तुळ्या व नक्षीच्या चौकटी पाहत माना वर करून हिंडतात. साध्या सपाट भिंतीकडे कोण पाहतो?

वाळलेला ताव लिहिण्यास लगेच उपयोगी पडत नसे. बोरूची शाई त्यावर फुटली असती. त्यास खळ लावीत, पुन्हां वाळवीत, आणि लांकडी पाटावर ठेवून गुळगुळीत दगडानें घोटीत. घोटण्यास वेळ व श्रम फार लागत, आणि म्हणूनच कागदाची किंमत त्यावर ठरे. जाडाभरडा कागद म्हणजे केवळ वाईट मालाचा कागद नव्हे. ज्यावर धुण्याचा व घोटण्याचा खर्च बेतानें केला आहे तोहि होय. यावलची ख्याति अशा कागदाबद्दल होती, ही गोष्ट मनांत ठेवून पुढें जावें. याच जिल्ह्यांतील एरंडोल गांवहि देशी कागदाबद्दल प्रसिद्ध होतें.

निळीविषयीं आम्ही विस्तार करीत नाहीं, कारण तिचा माग कागदांत लागत नाहीं. निळीचें झाड फुलण्यापूर्वीं कापून हौदांत पाण्याखालीं दाबून ठेवीत. तें आंबलें कीं पाणी खालच्या हौदांत सोडून घुसळीत. घुसळतां घुसळतां त्यास निळा रंग चढे, गाळ तळाशीं बसे, आणि तो गाळून, आटवून त्याच्या वड्या पाडीत. म्हणून जुन्या निळीच्या जागीं हौदांची जोडी, एक उंचावर व एक सखल, अशी शोधावी. एकटा हौद दिसल्यास घाई करूं नये, तो पाण्याचाहि असूं शकेल. या निळीस गिऱ्हाईक दूर शोधावयास नको होतें. यावलच्या पूर्वेस जवळच फैजपूर आहे, आणि तेथील रंगारी गडद निळ्या व तांबड्या रंगाबद्दल आणि छापील सुती कापडाबद्दल नांवाजलेले होते. इ. स. १८९७ मध्यें जर्मनींत तयार झालेली रासायनिक नीळ बाजारांत आली, व थोड्याच वर्षांत देशोदेशींच्या झाडाच्या निळीचा व्यापार बसला. आज यावल व रावेर हा टापू केळीच्या बागांनीं हिरवागार आहे. तेथें निळीचें पीक होतें हें सांगितल्यावांचून कोणास सुचणारहि नाहीं.

येथवर आल्यावर पेठेंत वळावें. कागदांत कागद श्रेष्ठ कोणता, याविषयीं जुन्या लोकांचीं मतें ठाम होतीं, आणि तीं गांवाच्या नांवानेंच बोललीं जात: दौलताबादी, जुन्नरी इत्यादि. ही चाल आपल्याच देशांत होती असें नाहीं. स्पेनमधील शातिवा या नगराचा कागद इतका उत्तम गणला जाई कीं बाराव्या शतकांत अल्-इद्रीसी या भूगोलकारानें त्याच्या तोडीचा कागद अन्यत्र नाहीं असें म्हटलें, आणि मोरोक्कोंत जाड कागदास त्या नगराचेंच नांव पडून राहिलें. नगराचें राज्य बदललें, धर्म बदलला, तरी नांव कागदास चिकटून राहिलें. यावलच्या वांट्यास असें भाग्य आलें नाहीं. जाडाभरडा कागद दरबारच्या खलित्यांस वापरीत नाहींत. तो पावतीस, यादीस, रोख्यास, चिठ्ठीस, कुळाच्या खात्यास आणि मुलांच्या कित्त्यास जातो.

संग्राहकांची खरी चूक येथेंच होते असें आमचें मत आहे. ज्या कागदावर शिक्का आहे, मोर्तब आहे, सोन्याची शिंपण आहे, तो आपण मोल देऊन घेतों. जाड, पिंवळा, खरबरीत कागद, त्यावर दोन मण ज्वारीची पावती, तो रद्दींत जातो. परिणाम असा कीं आपल्या संग्रहांत उत्तम कागद करणाऱ्या गांवांचे नमुने विपुल आणि साधा कागद करणाऱ्या गांवांचे दुर्मिळ. वस्तुतः गांवांत लिहिणें वाढलें तें या स्वस्त कागदामुळें. तो नसता तर पाटील, कुळकर्णी व वाणी यांच्या घरीं कागद सांठलेच नसते, आणि आपल्याजवळ केवळ राजेरजवाड्यांचा पत्रव्यवहार उरला असता.

रद्दीचा आणखी एक प्रकार होता. एकोणिसाव्या शतकांत गिरणीचा व तुरुंगांत केलेला कागद बाजारांत आल्यावर अनेक ठिकाणच्या कागद्यांस तागापासून आरंभ करणें परवडेना. ते जुना कागद विकत घेऊन, भिजवून, कुटून त्याचाच नवा करूं लागले. म्हणजे जुनीं दप्तरें अक्षरशः हौदांत गेलीं. अशा कागदांत क्वचित् पूर्वीच्या शाईचे काळे कण मिसळलेले दिसतात. ते दिसल्यास तो डाग समजून घांसूं नये. काजळीच्या शाईचे ते कण हाच त्या कागदाच्या उत्तरकालीनतेचा पुरावा होय.

आतां हातांतील कागद पाहावा कसा तें सांगतों. ताव उजेडासमोर धरावा. काड्यांच्या चटईच्या बारीक समांतर रेषा दिसतील, व त्यांना आडव्या जाणाऱ्या ओंवणीच्या रेषा त्यांच्याहून विरळ असतील. एका इंचांत बारीक रेषा किती तें मोजावें. दोन कागदांत ही संख्या व ओंवणीचें अंतर जुळलें तर ते एकाच धाटणीच्या चटईचे असण्याचा संभव वाढतो. देशी कागदांत जलचिन्ह नसतें. तें दिसलें तर कागद परदेशी. इंग्रजी कागदांत इ. स. १७९४ च्या कायद्यानंतर जलचिन्हांत सालहि घालूं लागले, त्यामुळें १८०३ चें चिन्ह असलेल्या तावावर १७९० ची तारीख आढळली तर ती नक्कल आहे किंवा बनावट आहे, एवढें निश्चित. मग कागद तिरप्या उजेडांत पाहावा. भिंतीकडची बाजू सपाट असते, आणि दुसरीवर कुंच्याचे बारीक ओरखडे असतात; घोटण्याच्या चकाकीचे पट्टे एकाच दिशेनें गेलेले असतात. लेखकानें कोणती बाजू पसंत केली तेंहि टिपून ठेवावें.

लांब कागदांविषयीं विशेष सांगणें आहे. एकाखालीं एक बंद डकवून केलेल्या पत्रांत दोन जोडांमधील अंतर मापावें. कडा कापलेल्या नसतील तर चौकटीची एक बाजू त्यावरून कळते. हें माप मोडी वाचतां येत नसलेल्या मनुष्यासहि घेतां येईल. पण कित्येक संग्राहक जोडावरून कागद कापून चौकटींत बसवितात, कोणी कडा सरळ करण्यास कात्री लावितात, आणि हल्लीं तर पारदर्शक चिकटपट्टी व प्लास्टिकचें आवरण यांनीं कहर केला आहे. चिकटपट्टीचा डिंक काळांतरानें पिंवळा होऊन तंतूंत मुरतो. आवरणाखालीं गेलेला कागद तिरप्या उजेडांत परीक्षेस उपयोगी राहत नाहीं. तीच गोष्ट पाण्यानें स्वच्छ करण्याची. काजळीची शाई पाण्यानें सुटते, आणि अक्षर व खळ दोन्हीं एकदम जातात.

एकट्या दुकट्या तावावरून ‘हा यावली’ असें म्हणणें धाडसाचें होईल. त्यासाठीं यावल, फैजपूर, सावदे, चोपडे व एरंडोल या गांवांत लिहिलेले, मिति स्पष्ट असलेले, साधे कागद पुष्कळ संख्येनें एकत्र मापले पाहिजेत. मिति फार जुनी असण्याचीहि जरूर नाहीं. १७८८ ते १८४३ या काळांतील पावत्या व खातीं या कामास सर्वांत उपयोगी पडतील, कारण गांवचा अंमल कोणाचाहि असो, वाण्याची वही त्याच पेठेंतल्या कागदावर चालली असण्याचा संभव अधिक. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ इ. स. १९२७ पासून आहे, तेथेंच समर्थ वाग्देवता मंदिराचा हस्तलिखितांचा संग्रह आहे. खानदेशांतील अभ्यासकास आरंभ करण्यास इतकें साधन पुरेसें आहे. ज्यांच्या संग्रहीं वरील गांवांचे मिति असलेले कागद असतील त्यांनीं मजकूर कितीहि क्षुल्लक वाटला तरी मिति, गांव, तावाची लांबी-रुंदी, दर इंचीं रेषा, ओंवणीचें अंतर आणि जोडांमधील माप एवढ्या सहा गोष्टी एका चिटोऱ्यावर लिहून आम्हांकडे पाठवाव्या. मूळ कागद पाठविण्याचें कारण नाहीं. तो आहे तसाच, न कापतां व न धुतां, रुमालांत ठेवावा.