चीनला फिरायला जायचंय? चार दिवसांसाठी शिआन निवडा

चीनचं नाव काढलं की वसई-विरारच्या आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, तो म्हणजे "तिथे खाणार काय?" प्रश्न रास्त आहे. तिथे डुकराचं मांस सर्रास खाल्लं जातं, आणि भाजीतही त्याची चरबी असू शकते. म्हणूनच पहिल्या सहलीसाठी आम्ही शिआन सुचवतो. इथे हलाल जेवणाचा अख्खा मोहल्लाच आहे.

मुक्काम आणि नमाज

शहराच्या मधोमध ड्रम टॉवर आहे. त्याच्या मागे ह्वी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. हॉटेल तिथून पायी अंतरावर घ्या, निम्मी काळजी मिटते. वस्तीतल्या मोठ्या मस्जिदीची स्थापना परंपरेनुसार इ.स. ७४२ ची, आणि आजची वास्तू मुख्यतः १३९२ मध्ये मिंग राजवटीत उभी राहिलेली. तिला घुमट नाही. एकामागून एक चौक, लाकडी उतरती छपरं आणि पॅगोड्यासारखा अष्टकोनी मनोरा. किबला मात्र आपल्यासारखाच पश्चिमेला. चार दिवसांत शुक्रवार येईल अशा तारखा धरा. ह्वी बहुतेक हनफी आहेत, त्यामुळे आपल्या कोकणी शाफई मंडळींनी असरची वेळ वेगळी पाहून ठेवावी.

काय खायचं

'यांगरो पाओमो' चुकवू नका. जाड रोटी आपणच वाडग्यात बारीक कुस्करायची, मग आचारी त्यावर मटणाचा रस्सा घालून देतो. ज्येष्ठांनाही हे सहज खाता येतं. 'रोज्यामो' म्हणजे पावात भरलेलं मांस. मोहल्ल्यात ते बीफ किंवा मटणाचं मिळतं, बाहेर मात्र बहुधा डुकराचं असतं. हलालसाठी तिथला शब्द 'छिंगझेन'. पाटीवर अरबी अक्षरं असतीलच असं नाही, म्हणून या शब्दाच्या चिनी अक्षरांचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा.

काय पाहायचं

एक दिवस मातीच्या सैन्यासाठी ठेवा. १९७४ मध्ये विहीर खोदताना शेतकऱ्यांना ते सापडलं. शहराच्या जुन्या तटावर संध्याकाळी चाला. मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकातला युआन श्वांग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला, तो ६४५ मध्ये परतला ते याच शहरात. त्याने नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये पॅगोडा बांधला गेला, आणि नंतर नव्याने उभारलेला तो पॅगोडा आजही उभा आहे.

निघण्याआधी

व्हिसा आधीच काढावा लागतो. व्हॉट्सॲप आणि गुगल तिथे नेहमीसारखे चालत नाहीत, म्हणून नकाशा आणि भाषांतराचं ॲप इथेच उतरवून घ्या. पैसे बहुतेक फोनवरूनच दिले जातात, त्यासाठी अलीपेला कार्ड घरूनच जोडा. तिकिटांसाठी पासपोर्ट जवळ असू द्या. दिवाळीच्या सुट्टीत हवा छान असते, पण १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा टाळा. तेव्हा त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते आणि गर्दीत लहान मुलं आणि वयस्कर माणसं सांभाळणं कठीण जातं.