एसी 18 वर ठेवून खोली लवकर गार होत नाही

ठाणे-डोंबिवलीत मे महिन्यात जीव नकोसा होतो तो पाऱ्यापेक्षा दमटपणामुळे. खाडी जवळ, घाम वाळतच नाही. म्हणून माझं मत: एसी 25-26 वर ठेवा आणि पंखा मंद लावा. अंगावरून वारा फिरला की घाम वाळतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंश वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून नव्या स्टारवाल्या एसीत सुरुवातीचं सेटिंगही 24 अंशच आहे. त्यात महावितरणचा दर 100, 300 आणि 500 युनिटनंतर चढतो, म्हणजे शेवटची युनिटं सर्वांत महाग.

‘18 वर लवकर गार होतं’ म्हणाल, तर कॉम्प्रेसर तेव्हाही त्याच पूर्ण ताकदीने चालतो, फक्त थांबत नाही. ‘26 वर चिकचिक होते’ हा आक्षेप मात्र खरा. इन्व्हर्टर एसी मंदावला की कॉइल कमी थंड होते, ओलावा कमी निघतो. अशा वेळी एसीच्या पंख्याचा वेग घटवा किंवा ड्राय मोड लावा. गरजेपेक्षा मोठा एसी इथे उलट त्रासच देतो. आणि घोडबंदर किंवा कल्याण-शीळ रस्त्यालगत राहत असाल, तर पंधरवड्याला जाळी धुवा. धुळीने हवा अडली की बाकी सगळी काटकसर वाया.