अंधारीतली वटवाघळे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या दौलताबाद किल्ल्यात ‘अंधारी’ ही काळोखी वाट लागते. छताला उलटी लटकलेली वटवाघळे पाहून मुले किंचाळतात. आपण त्यांना काय सांगतो?

वटवाघूळ पक्षी नव्हे. खऱ्या अर्थाने उडणारा हा एकमेव सस्तन प्राणी. लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली कातडी म्हणजेच त्याचे पंख. ते आंधळेही नसते. कीटकभक्षी वटवाघळे २०,००० हर्ट्झच्या वरचे, आपल्याला ऐकू न येणारे आवाज काढतात आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतात.

बहुतेक जातींत मादीला एका वेळी एकच पिल्लू होते. ते आईला बिलगून असते. आरडाओरड्याने किंवा धुराने थवा बिथरला, तर पिल्लू पडून दगावू शकते, आणि अशी घट लवकर भरून निघत नाही. म्हणून हा धडा अंधारीत शिरण्यापूर्वीच द्यायला हवा.